उन्हाचा रेटा

मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि दरवर्षी एक तास मुलांना लघुग्रहांबद्दल सांगते. अभ्यासक्रमात तो भाग नाही. प्राचार्यांनी एकदोनदा टोकून पाहिलं, मग नाद सोडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात, आणि फिरता फिरता प्रत्येक जण स्वतःभोवती गिरकीही घेत असतो. समजा, असा एक दगड आहे, मी म्हणते, टेकडीएवढा, काळपट, वेडावाकडा. त्याच्यावर ऊन पडतं. ते तो पिऊन घेतो, तापतो, आणि ती उष्णता पुन्हा बाहेर टाकतो. उष्णता बाहेर जाताना दगडाला मागे किंचित रेटते. दगड लाडवासारखा गोल असेल तर सगळ्या बाजूंचे रेटे एकमेकांना खोडून काढतात. पण एका अंगाला फुगवटा आणि दुसऱ्या अंगाला खाच असेल तर ते जुळत नाहीत, थोडा पीळ उरतो. इतका थोडा की तळहातावर घेतला तर कळणारही नाही. पण तिथं त्या पिळाला अडवायला हवा नाही आणि ऊन कधी सुट्टी घेत नाही. लाखो वर्षांत त्या दगडाची गिरकी बदलते. कुणाची वाढत वाढत जाते आणि मग अंगावरचे खडे-धोंडे सुटून उडू लागतात. कुणाची मंदावते, आणि फारच मंदावली की तो एका आसाभोवती नीट फिरायचा थांबतो, कोलमडत, डुलत जातो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे मॅडम, त्याला कुणीच ढकललं नाही?’ मी म्हणते, नाही, नुसतं ऊन.

हे मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं ते नोकरी लागल्यावर, प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात. पाहुण्या वक्त्यानं पडद्यावर बटाट्यासारखा एक दगड दाखवला आणि त्याचं डुलणं दाखवलं. आजूबाजूचे लोक चहाची वाट बघत होते. मला मात्र घाम फुटला होता. मला आमचं मूर्तिजापूरचं घर दिसत होतं, पुढच्या खोलीतली लाकूडकामाची खराद दिसत होती आणि भिंत धरून चालणारा माझा भाऊ दिसत होता. पन्नाशी उलटली माझी, अजून तो बटाटा विसरले नाही.

आमचं घर शकुंतला नावाच्या अरुंद रुळाच्या आगगाडीच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या खोलीत खराद, मधल्या खोलीत आम्ही, मागे पडवी आणि पडवीच्या पुढे अंगण. अब्बा खरादी, त्यांचे वडील खरादी, त्यांच्या आधीचे कोण होते ते कुणी विचारलं नाही, खरादीच असतील. दोन टोकदार कण्यांच्या मध्ये लाकूड बसवायचं, ते गरगर फिरवायचं आणि फिरत्या लाकडाला पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा, एवढंच आमचं काम. पलंगाचे पाय, पाळण्याचे गज, लाटणी, बैलगाडीच्या चाकाचे मधले गड्डे, पोरांचे भोवरे, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी बैलांची चाकं. वऱ्हाडात बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. सजवलेले लाकडी बैल दोरीनं ओढत ती घरोघर जातात. त्या बैलांची चाकं आमच्याकडची. मोटर होती, पण विजेचा भरवसा नसे, म्हणून चामड्याचा जुना पट्टा खुंटीला टांगलेला असे. वीज गेली की माझा थोरला भाऊ इक्बाल पट्टा ओढी आणि अब्बा पटाशी धरत, मग थोड्या वेळानं अदलाबदल. लाकूड नीट मध्यावर बसलेलं असलं की खर्रर्र असा एकसुरी आवाज येई, जरा तिरकं असलं की त्यात ठकठक मिसळे. अम्मी चुलीपाशी ज्वारीची भाकर थापता थापता तिथूनच ओरडायची, ‘ओ, एका अंगाले खाऊन राहिलं!’ आणि अब्बा निमूट खराद थांबवून लाकूड पुन्हा बसवत. घरात आमची बोली वऱ्हाडीत उर्दू कालवलेली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की लाख वितळून रंग चढे, त्याचा वास भाकरीच्या वासात मिसळे, आणि ठेच्याची फोडणी पडली की आम्ही दोघं बहीणभाऊ खोकत बाहेर पळायचो. तो वास आता कुठे मिळत नाही.

‘आपला धंदा सावलीतला,’ असं अब्बा फार अभिमानानं म्हणत. शेतकरी उन्हात, हमाल उन्हात, खराद्यानं ऊन बघायचं ते नमाजाला जाता-येताना. हे खरंच होतं, कारण लाकडालाही आमच्याकडे ऊन बघू देत नसत. बाभळीचे, शिवणीचे ओंडके आले की थेट मागच्या पडवीत जात. तिथं गोणपाटाचे पडदे सोडलेले असत. उन्हाळ्यात हौदातलं पाणी घेऊन ते पडदे ओले करायचे आणि लाकडांची रोज कूस बदलायची, म्हणजे आज जी बाजू वर ती उद्या खाली. हे काम माझं. शाळेत जायच्या आधी मी ओंडक्यांच्या कुशी बदलत असे, आणि थंडीत एखादा ओंडका तसाच राहिला तर अब्बांना त्याच्या तोंडाकडे बघूनच कळे. ऊन लाकडाला एका अंगानं खातं, ते सांगत. त्या अंगाचं पाणी लवकर आटतं, लाकूड तिकडे ओढलं जातं, आणि मग त्याची कुठलीही वस्तू करा, ती डोलणार.

हे इक्बालभाईनं एकदा करून पाहिलं. तो तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात होता आणि हात अब्बांपेक्षा हलका झाला होता. गिऱ्हाइकंही कधीकधी ‘पोराच्या हातचं दे’ म्हणत. यात्रेसाठी भोवऱ्यांची मोठी मागणी आली होती. शिवणीचं लाकूड अजून ओलसर होतं आणि भाईला घाई. अब्बा अकोल्याला गेलेले पाहून त्यानं तयार झालेले सगळे भोवरे छपराच्या टिनावर उन्हात मांडले. दुपारी त्याला धास्ती वाटली असावी. टिनावर चढून पाहतो तर भोवरे हात लावू देईनात. त्यानं बादलीभर पाणी ओतलं. मी खाली उभी होते. वरून टिक, टिक, टिक असे आवाज येऊ लागले, ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसे. भोवरे उलत होते, त्यांना उभ्या चिरा पडत होत्या. जे उलले नाहीत ते फिरवून पाहिले तर एकही जाग्यावर उभा राहिना, सगळे डुलत डुलत आडवे. अब्बा आले. त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी भाईला त्या सगळ्या भोवऱ्यांचं सरपण फोडायला लावलं आणि तो फोडत असताना समोर बसून राहिले. ‘तापलं तर तापू देवाचं,’ ते म्हणाले. ‘सावलीत आणून ठेवाचं. बाजूनं ओलं गोनपाट लावाचं. हळूहळू त्याचं ते थंडं होते. पन तापल्या लाकडावर पानी टाकू नोको, बेटा. तो त्याचा खून हाय.’ भाईनं मान हलवली. मीही हलवली. आमच्या घरात हे वाक्य कलमा पाठ करावा तसं पाठ झालं.

मी बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.साठी अमरावतीला गेले. राजापेठेत माझी खाला, म्हणजे अम्मीची बहीण, राहायची. तिच्या माडीवर एका खोलीत मी आणि शिलाई मशीन. खालून दिवसभर स्कूटींचे हॉर्न आणि शिकवण्यांच्या पोरांचा गलका. मी सुट्टीला मूर्तिजापूरला येई, आणि दर खेपेला घर थोडं बदललेलं दिसे. जे रोज तिथं होते त्यांना दिसत नव्हतं. आज कळतं की लघुग्रहाची गिरकी मोजणारेही असंच करतात, एकदा बघून ठेवतात आणि काही वर्षांनी पुन्हा बघतात. रोज बघणाऱ्याला काही बदललेलं दिसायचं नाही.

आधी चाकांचे गड्डे गेले. गावोगाव लोक बैल विकत होते, मग गाडी कशाला आणि गड्डा कशाला. मग पलंग गेले, कारण लग्नं पुढे ढकलली जात होती. सोयाबीन हातचं गेलं की पोरीचं लग्न पुढच्या साली, आणि पुढच्या साली कापूस जायचा. तान्ह्या पोळ्याला पोरं मागच्या वर्षीचेच बैल ओढू लागली. त्या वर्षांवर शहरातून आलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलं, फोटो छापले. ते बरोबरच होतं, पण खराद्याकडे कुणी फिरकलं नाही. गावाची अवस्था आमच्या पुढच्या खोलीत सगळ्यांच्या आधी कळायची. एकदा दर्यापूरकडच्या एका खेड्यातला तरणा माणूस पाळणा सांगून गेला, लाल-पिवळा रंग पाहिजे म्हणाला, बायकोला दिवस होते. पाळणा झाला. तो न्यायला आला नाही. बऱ्याच दिवसांनी त्याचा भाऊ आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, ‘मिस्त्री, तो पाळना राहू द्या आता.’ अब्बांनी काहून म्हणून विचारलं नाही. त्याला पाणी दिलं. तो पाळणा कुणाला विकायचं अब्बांच्या मनाला आलं नाही. पुष्कळ वर्षं तो पडवीत छताला टांगलेला होता, आणि सुट्टीत मी ओंडक्यांच्या कुशी बदलताना त्याला डोकं लागू नये म्हणून वाकायची.

मग खराद दिवसचे दिवस बंद राहू लागली आणि इक्बालभाई दर्यापूर रस्त्याच्या डांबराच्या कामावर जाऊ लागला. अब्बांनी कडाडून विरोध केला. ‘आपुन सावलीतले मानसं. तुले नाही जमाचं,’ ते म्हणाले. भाई हसला. ‘सावली खाता येते का, अब्बा?’ तो चैत्र-वैशाख होता आणि वऱ्हाडातला वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. वरून ऊन, खालून उकळतं डांबर. मी शनिवारी आले तेव्हा भाई काळा पडलेला. पुढच्या खेपेला आले तर त्याचं जेवण तुटलेलं. अम्मीनं त्याच्यासाठी मुद्दाम बाजारातून गोश्त आणवलेलं, त्यानं ताट बाजूला सारलं आणि कैरीचं पन्हं तेवढं मागितलं. त्याच्या पुढच्या खेपेला तो चिडका झालेला, अम्मीवर ओरडला, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. मी अम्मीला म्हटलं, ‘भाईले बरं नाही वाटत.’ अम्मी म्हणाली, ‘कामानं थकून राहिला ना माय. रोज तर पाहतो आमी.’

तो दिवस मी घरी होते. दुपारची वेळ, वीज गेलेली, अंगणात चिमणीसुद्धा नव्हती. दाराशी सवाऱ्यांची जीप थांबली आणि शेजारचे रामभाऊ, ज्यांचं शेत त्याच रस्त्याला होतं, ‘मिस्त्री! ओ मिस्त्री!’ अशी हाक मारत उतरले. मागच्या सीटवर भाई होता. दोघांनी धरून आत आणला. तो डांबराच्या पिंपाशी कोसळला होता. डोळे अर्धवट उघडे, तोंडानं काहीतरी बरळत होता, त्यात ‘पट्टा ओढ, पट्टा ओढ’ एवढं कळलं. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मागे घेतला. अंग कोरडं ठणठणीत, तव्यासारखं. रामभाऊ म्हणाले, ‘याले घाम येऊन नाही राहिला. पानी टाका ना याच्या अंगावर!’ अम्मीनं हौदावरून बादली भरून आणलीच होती. ती बादली उचलणार तोच अब्बा आडवे आले. त्यांनी दोन्ही हातांनी बादलीची कडी धरली.

‘टाकू नोको,’ ते म्हणाले. ‘तापेल हाय तो. उलन.’

अम्मीनं त्यांच्याकडे बघितलं. रामभाऊ म्हणाले, ‘अहो मिस्त्री, पोरगं हाय ते, लाकूड नाही.’ अब्बा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांचा आवाज इतका ठाम होता, आणि आम्ही तो आवाज जन्मभर खरा ठरताना पाहिलेला, की अम्मीनं बादली सोडली. जे आपल्याला सगळ्यात जास्त जपायचं असतं ते कसं जपायचं, हे अब्बांना एकाच गोष्टीच्या बाबतीत माहीत होतं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं. त्यांनी भाईला उचलून मागच्या पडवीत नेलं, ओंडक्यांच्या रांगेपाशी, टांगलेल्या पाळण्याखाली. गोणपाटाचे पडदे ओले केले. भाईच्या चारी बाजूंनी ओलं गोणपाट मांडलं, पण अंगाला लागू दिलं नाही. तोंडाला पाण्याची पट्टी फिरवली. आणि थोड्या थोड्या वेळानं ते त्याची कूस बदलत राहिले. आधी डावी, मग उजवी. ‘हळूहळू थंडा होते,’ ते म्हणत होते. ‘हळूहळू. घाई नोको.’ जीप सवाऱ्या घेऊन पुढे निघून गेली होती. रामभाऊ दुसरी गाडी मिळवायला स्टेशनाकडे धावले आणि ती मिळेपर्यंत ऊन कलून गेलं. तोवर भाईला झटके येऊ लागले होते.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याला बर्फात ठेवलं. तो वाचला. पुष्कळ दिवसांनी शुद्धीवर आला, आम्हाला ओळखू लागला, अम्मीनं भरवलेली खिचडी गिळू लागला. मग एका सकाळी त्यानं पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला आणि हात पेल्याच्या डाव्या बाजूनं गेला, परत आला, उजव्या बाजूनं गेला. पेला पडला. भाई हसला, त्याला वाटलं अशक्तपणा आहे. त्याला उभं केलं तर तो डुलला. बोलायला लागला तर शब्द एकेक अक्षर ओढत बाहेर येऊ लागले. तरुण डॉक्टर होते, दिवसभर उभे राहून थकलेले. बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी सांगितलं की उष्माघातानं मेंदूचा तोल सांभाळणारा भाग भाजून निघाल्यासारखा झालाय. ‘हात सुधरन ना, साहेब?’ अब्बांनी विचारलं. ‘खरादी हाय तो.’ डॉक्टर म्हणाले, फार आशा धरू नका. आणि मग, अगदी सहज, दुसरा कागद उलटता उलटता त्यांनी विचारलं, ‘तापलेला असतानाच अंगावर पाणी ओतायला हवं होतं. बादल्याच्या बादल्या. त्यानं हे टळलं असतं कदाचित. घरी पाणी नव्हतं का?’

‘होतं,’ अब्बा म्हणाले. ‘होतं ना साहेब. हौद भरून होतं.’

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि मी आजवर त्या माणसाला माफ केलेलं नाही.

घरी आल्यावर अब्बांनी एका गोष्टीचा ध्यास घेतला, भाईचा हात परत आणायचा. त्यांनी खरादीला एक लाकडी खोबण बसवली, तीत भाईचं मनगट ठेवता येईल अशी. वरून चामड्याची पट्टी. वीज असली तरी मोटर लावायची नाही, अब्बा स्वतः पट्टा ओढणार, अगदी सावकाश, आणि भाईनं फक्त पटाशी टेकवायची. भोवरा करायचा, कारण भोवऱ्यापासून सगळे शिकतात. मी अमरावतीहून येई तेव्हा लांबूनच तो आवाज ऐकू येई. त्यात खर्रर्र कमी आणि ठकठक जास्त. अम्मी आता चुलीपाशी बसून काही ओरडत नव्हती. पटाशी अडकायची, लाकूड उडून भिंतीवर आदळायचं, अब्बा ते शोधून आणून पुन्हा बसवायचे. कधी एखादा भोवरा पूर्ण होई. अब्बा त्याला दोरी गुंडाळून जमिनीवर सोडत, आणि तो डुलत डुलत आडवा होई. ‘लाकूड ओलं असन,’ अब्बा म्हणत. मी चमकून बघायची. आयुष्यभर या माणसानं लाकडाला दोष दिला नव्हता. भाई म्हणे, ‘हो, ओ…लं अस…न.’ दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

पुढचा उन्हाळा लागला तेव्हा अब्बांनी खोबण काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी आपली खाट उचलली आणि अंगणात, टळटळीत उन्हात टाकली, आणि तिच्यावर बसले. टोपी नाही, डोक्याला रुमाल नाही. अम्मीनं हाका मारल्या, रडली, कसमा घातल्या. ‘बसू दे,’ एवढंच ते म्हणाले. रोज दुपारी. ऊन कलेपर्यंत. सावलीतला माणूस तो, गोरा, हाताची कातडी मऊ. बघता बघता रापला, ओठ फुटले. रामभाऊ येऊन समजावून गेले. मशिदीतले लोक येऊन गेले. मी त्यांच्याशी भांडले, मोठमोठ्यानं, मला माझ्या शिक्षणाची घमेंड होती आणि वाटत होतं की बोलून सगळं सुटतं. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत की मी काही चुकीच्या भाषेत बोलते आहे. ते कशाची वाट बघत होते ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं आणि तोंडानं कुणी म्हणत नव्हतं.

आता अब्बा नाहीत, अम्मीही नाही. भाई माझ्याकडे अमरावतीला असतो. उजळणी वर्गाहून परतल्यावर मी त्याला त्या दगडाची गोष्ट सांगितली होती. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, ऐकताना त्याची मान हलते, तशी ती नेहमीच हलते. मग विचारलं, ‘साव…ली नाही का तिथं?’ मी म्हटलं, आहे ना, अर्धा दगड कायम सावलीतच असतो, स्वतःच्याच. पण सावलीत गेला की दिवसभर खाल्लेलं ऊन तो बाहेर टाकत राहतो, आणि त्याचाही रेटा बसतोच. ‘म्हंजे सावलीत…बी सुटका नाही,’ भाई म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी इतक्या वर्षांत कुणी सावलीचं विचारलं नाही.

तर अब्बा उन्हात बसायचे त्या उन्हाळ्यातली एक दुपार. मी परीक्षा संपवून घरी आलेली. अब्बा अंगणात खाटेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटलेले. त्या दिवशी ऊन असं होतं की हौदाच्या काठाला हात लावता येत नव्हता. मी दारात उभी होते आणि मला दिसलं की अब्बांच्या कपाळावर घाम नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून पाय घासल्याचा आवाज आला. भाई आला. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात तांब्या, हौदात बुडवून काठोकाठ भरलेला. मी पुढे झाले तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. भिंत संपली तिथं तो थांबला. मग भिंत सोडून अंगणात उतरला. त्याचा हात डावीकडे जाई, उजवीकडे जाई, तांब्यातलं पाणी लाटांनी बाहेर पडे, आणि तापल्या जमिनीवर पडताच नाहीसं होई. खाटेपाशी पोचेपर्यंत तांब्या अर्ध्याहून रिकामा झाला होता. अब्बांनी डोळे उघडले. भाईनं तांब्या वर उचलला, तो इकडे तिकडे हलला, थोडं पाणी अब्बांच्या खांद्यावर गेलं, थोडं खाटेवर, आणि उरलेलं सगळं त्यानं त्यांच्या डोक्यावर ओतलं.

‘मानूस उ…लत नाही, अब्बा,’ तो म्हणाला.

अब्बांच्या दाढीतून पाणी टपकत होतं. त्यांनी त्याच्याकडे मान वर करून बघितलं, आणि मग मी माझ्या बापाला पहिल्यांदा आणि शेवटचं मोठ्यानं रडताना ऐकलं. भाई थांबला नाही. तो रिकामा तांब्या घेऊन वळला, डुलत डुलत हौदाकडे निघाला. अब्बा उठले नाहीत. डोकं खाली घालून, मान पुढे काढून, दुसरा तांब्या येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.